मित्राला ब्लूज-रॉक ऐकवायचं कसं: सात गाणी, अर्धा तास आणि बंद कूलर

साठ गाण्यांची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली आणि खाली "ऐकच, वेड लागेल" असं लिहिलं, की बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं. समोरचा तर्री-पोहे खाता खाता लिंक उघडतो. पहिलंच गाणं निघतं पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. साडेतेरा मिनिटांचं, आणि गायकाचा आवाज येतो साडेआठ मिनिटं उलटून गेल्यावर. पोहे संपतात तरी गाण्याला तोंड फुटलेलं नसतं. भेटल्यावर तो "भारी होतं बे" म्हणतो आणि विषय बदलतो.

गाणं थोरच आहे. पण ते तुम्हाला भिडतं, कारण त्याआधी तुम्ही शेकडो गाणी ऐकली आहेत. मित्राच्या कानाने दुसरंच काही ऐकलेलं असतं. पहिली निवड करायची ती त्या कानाकडे बघून.

आधी त्याचा कान ओळखा

"तुला कसलं संगीत आवडतं?" असं विचारलं की "सगळंच" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी गेल्या आठवड्यात पुन्हा पुन्हा लावलेली तीन गाणी विचारा, आणि त्यांतली कोणती जागा मागे नेऊन परत ऐकली तेही विचारा. कोणी गळ्याबद्दल बोलतो, कोणी ठेक्याबद्दल, कोणी शब्दांबद्दल, कोणी मधल्या वाद्याच्या तुकड्याबद्दल. एवढ्यात निम्मी निवड होऊन जाते.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं, आणि ब्लूज-रॉक म्हणजे त्याच्यावर उभं राहिलेलं रॉक. नागपुरात किंवा आसपासच्या गावांत वाढलेल्या माणसाला ब्लूजमध्ये शिरायला काही दारं उघडीच असतात. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं ज्याच्या कानात आहेत, त्याला एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची ही रीत समजावून सांगावी लागत नाही. ब्लूज गायक मडी वॉटर्सचं 'मॅनिश बॉय' याच रीतीने चालतं. गिटारचा एक छोटा ठसका, मग क्षणभर शांतता, त्या शांततेत गायकाची ओळ आणि मागून साथीदारांची आरोळी. अख्खं गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या एकाच मेळावर, उभं आहे. बदलत काहीच नाही, फक्त तापत जातं.

भीमगीतांत वाढलेल्या मित्राला हेच गाणं शब्दांच्या बाजूने द्या. अमेरिकेच्या दक्षिणेत काळा माणूस साठीचा झाला तरी गोरे त्याला 'बॉय' म्हणजे पोऱ्या म्हणून हाक मारत. मडी वॉटर्स गाण्यात 'मॅन' हा शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारतो, ते त्या हाकेसमोर. ही एक गोष्ट आधी कळली की गाण्याचं वजनच बदलतं. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, हे त्याला बहुधा तुमच्याआधी माहीत असेल. तिथून गप्पा आपोआप पुढे जातात.

ज्याच्या घरी हार्मोनियम आहे त्याच्यासाठी तर सर्वांत सोपी वाट आहे. ब्लूजची गिटार ज्या पाच स्वरांवर खेळते ते सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपल्या धानी रागाचे स्वर. मधूनच तीव्र म चा स्पर्श होतो. हे पाच स्वर हार्मोनियमवर वाजवून दाखवा. मग सांगा, की ब्लूजचा खरा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि तो हार्मोनियमच्या पट्टीतून निघूच शकत नाही. गिटारवादक तार आडवी ओढून तिथे पोचतो, सतारीवर मींड घेतात तसंच. यापुढे त्याला प्रत्येक सोलोत, म्हणजे गिटार एकटी पुढे येऊन बोलते त्या तुकड्यात, ती ओढलेली तार ऐकू यायला लागते.

आणि कापूस. यवतमाळ-वर्धेकडे शेती असलेल्या घरातल्या मित्राला सांगण्यासारखं इथे खूप आहे. ब्लूज जिथे रुजला तो मिसिसिपी डेल्टा म्हणजे कापसाचा मुलूख. गुलामी कायद्याने संपली, पण त्यानंतर बटईने जमीन कसायची, मालकाच्याच दुकानातून उधारीवर बियाणं-धान्य घ्यायचं, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात कर्जच उरायचं, असं तिथलं चक्र होतं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा मागणी वळली ती आपल्या वऱ्हाडाच्या कापसाकडे. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. दोन्ही काळ्या मातींचा हा संबंध जुना आहे. डेल्टातल्या चार्ली पॅटन या गायकाने १९२९ साली 'मिसिसिपी बो वीव्हिल ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं, ते बोंडावर पडणाऱ्या किडीवरचं गाणं आहे. ती कीड म्हणजे सोंडेवाला भुंगा, आपली गुलाबी बोंडअळी नव्हे. पण बोंडअळीने उभं पीक जाताना पाहिलेल्या माणसाला त्या गाण्याचा विषय दोन वाक्यांत कळतो.

मात्र पॅटनचं गाणं पहिल्या दिवशी लावू नका. ज्या तबकड्या उरल्या त्या झिजलेल्या आहेत, आवाज सतत खरखरतो, आणि स्वच्छ आवाजाची सवय असलेला कान खरखरीलाच गाणं समजून बसतो. ते दुसऱ्या यादीत.

पहिली यादी

सातच गाणी, एकूण अर्धा तास. ही एक चालणारी यादी. मित्राच्या कानाप्रमाणे त्यातली दोन-तीन बदला, पण क्रमामागचं कारण सांभाळा.

१. स्टीव्ही रे व्हॉन, 'प्राइड अँड जॉय', १९८३, साधारण ३ मिनिटं ४० सेकंद
२. मडी वॉटर्स, 'मॅनिश बॉय', 'हार्ड अगेन' या अल्बममधलं १९७७ चं, सव्वापाच मिनिटांच्या थोडं वर
३. बी. बी. किंग, 'द थ्रिल इज गॉन', १९६९, साधारण साडेपाच मिनिटं
४. ब्लाइंड विली जॉन्सन, 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड', १९२७, सव्वातीन मिनिटं
५. क्रीम, 'क्रॉसरोड्स', १९६८ चं लाइव्ह, सव्वाचार मिनिटं
६. जिमी हेंड्रिक्स, 'लिटल विंग', १९६७, अडीच मिनिटांच्या आत
७. लेड झेपेलिन, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', १९७१, सात मिनिटांच्या थोडं वर

पहिलं गाणं स्वच्छ ध्वनिमुद्रणाचं, छोटं आणि पाय हलवणारं हवं, म्हणून व्हॉन. 'मॅनिश बॉय' मूळ १९५५ चं. पण १९७७ ला गिटारवादक जॉनी विंटरने निर्मिती केलेल्या आवृत्तीत खोलीत माणसं बसली आहेत असं वाटतं, आरोळ्या भरभरून ऐकू येतात. मूळ नंतर ऐकवा. बी. बी. किंग गातो तेव्हा गिटार गप्प असते आणि गिटार बोलते तेव्हा तो गप्प असतो. मैफलीत गायकानंतर सारंगीने जागा भरावी तसं आहे हे, आणि एवढंच सांगून गाणं लावलं तरी पुरतं.

चौथं गाणं यादीतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत धाडसाचं. त्यात शब्दच नाहीत. एक माणूस गुणगुणतो, कण्हतो, आणि तारेवर घसरणारी गिटार त्याच्या मागे मागे जाते. इंग्रजी गाण्यांचे उच्चार पकडता येत नाहीत म्हणून जो मित्र या वाटेला जात नाही, त्याच्यासाठी हे गाणं सर्वांत जवळचं. आलाप ऐकणाऱ्याला तर अधिकच. खरखर आहे, पण तोवर तीन गाणी होऊन कान सैल झालेला असतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर हे गाणं आहे. ही माहिती गाणं संपल्यावर सांगा, आधी नको. आधी सांगितली की तो ऐकायचं सोडून अवकाशाचा विचार करत बसतो.

'क्रॉसरोड्स' म्हणजे रॉबर्ट जॉन्सनने १९३६ साली एकट्याने गिटारवर गायलेलं गाणं, क्रीमने तिघांत मिळून सुसाट केलेलं. सातवं गाणंही उसनं आहे. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ साली ते केलं. 'लेव्ही' म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध. झेपेलिनच्या जॉन बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ठेवून, मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून लोंबते सोडून ध्वनिमुद्रित केले आहेत. त्या जिन्याची घुमक म्हणजेच ते गाणं. म्हणून ते शेवटी, आणि म्हणूनच मोबाइलच्या स्पीकरवर कधीही नाही.

यादी पाठवताना लिंकसोबत वर दिल्यासारखं साल आणि वेळ लिहून पाठवा. एकाच गाण्याच्या पंधरा आवृत्त्या असतात: लाइव्ह, उतारवयात पुन्हा गायलेल्या, दुसऱ्याच कोणी नक्कल केलेल्या. चुकीची आवृत्ती ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे गाण्याची लांबी.

आवाजाची तयारी

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि दोष मात्र गाण्याला लागतो.

एक इअरफोन दोघांनी वाटून घेणं, ही पहिली चूक. एक कान तुझा, एक माझा. साठच्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत वाद्यं पार एका टोकाला आणि गळा दुसऱ्या टोकाला ठेवलेला असतो. मित्राच्या वाट्याला नुसते ड्रम आले तर तो काय ऐकणार? नाइलाज असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'त 'मोनो ऑडिओ' चालू करा. दोन्ही कानांत सगळंच येईल. वायरचे इअरफोन असतील तर दोन जोड्या लावता येणारा स्प्लिटर सीताबर्डीवर मोबाइलच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. दोन जोड्या लावल्या की आवाज थोडा पडतो, तो वाढवून घ्या. ऐकून झाल्यावर मोनो बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढचे सहा महिने सगळं सपाट ऐकाल.

दुसरी चूक मोबाइलचा स्पीकर. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर वाजते; एवढ्याशा स्पीकरमधून हा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. ब्लूजचं चालणं बासच्या पायांवर असतं. ते गेलं की उरते ती किंचाळणारी गिटार, आणि मग मित्र म्हणतो, "काहून एवढा कल्ला करतात हे लोक?" त्याचं बरोबर असतं, त्याला तेवढंच ऐकू आलेलं असतं. साधी दोन स्पीकरांची जोडी किंवा कानावर बसणारे मोठे हेडफोन पुरतात. 'बास बूस्ट', 'थ्रीडी', 'सराउंड' असलं जे काही चालू असेल ते बंद करा. इक्वलायझर सरळ रेषेत.

तिसरी चूक कूलर. पारा ४५ ला टेकलेला असताना कूलर बंद करा म्हणणं क्रूरपणाचं आहे हे मान्य. पण त्याची घरघर बासवर बसते आणि हवेची सळसळ 'लिटल विंग'मधल्या बारीक घंट्यांवर. तेव्हा उन्हाळ्यात खोली आधी तासभर गार करून घ्या, पडदे ओढा, आणि अर्ध्या तासासाठी कूलर बंद ठेवून छताचा पंखा एकवर चालू द्या. नाहीतर हेडफोन. सर्वांत चांगला मोसम डिसेंबर-जानेवारीतली रात्र: पंखा नाही, कूलर नाही, रस्ताही लवकर शांत होतो. गच्चीवर स्पीकर लावणार असाल तर तो भिंतीला पाठ लावून ठेवा, मोकळ्यावर बास उडून जातो; आणि दहाच्या आत आटपा, नियमही तोच आहे आणि शेजारीही. संध्याकाळी फुटाळा तलावावर बसून छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकवायचा बेत रद्द करा. तिथे फक्त गर्दी ऐकू येते.

ॲपमध्ये चार गोष्टी तपासा. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, नाहीतर एका गाण्याच्या शेपटावर दुसरं चढतं. ऑटोप्ले बंद, 'लेव्ही' संपल्यावर दहा सेकंद शांतता मिळायला हवी, तिथे यंत्राने निवडलेलं आठवं गाणं नको. गाण्यांचा आवाज सारखा करणारी 'नॉर्मलायझेशन'ची सोय चालू ठेवा. मूळ गाणं आणि त्याची नवी आवृत्ती शेजारी शेजारी ऐकताना जी मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते, आणि निवाडा चुकतो. फुकटच्या खात्यावर मधे जाहिराती येतात, म्हणून ज्याच्याकडे पैसे भरलेलं खातं आहे त्याच्या फोनवरून लावा आणि गाणी आधीच उतरवून ठेवा.

ऐकताना

गाण्याआधी एक वाक्य. गाणं चालू असताना काहीही नाही. "आता बघ, आता येतो सोलो" हे वाक्य सोलो मारून टाकतं, कारण मित्र गिटारऐवजी तुमचा चेहरा बघायला लागतो. शक्यतो समोरासमोर बसू नका. शेजारी बसा, दोघांचीही तोंडं स्पीकरकडे.

पहिल्या गाण्यानंतर मात्र पाच मिनिटं थांबून ब्लूजचा सांगाडा दाखवून द्या. चार मात्रांचं एक घर, अशी बारा घरं, म्हणजे ४८ मात्रांची एक फेरी. पहिली चार घरं सा च्या कॉर्डवर, पुढची दोन म वर, दोन परत सा वर. मग एक प वर, एक म वर, आणि शेवटची दोन सा वर. हार्मोनियम असेल तर पांढरी एक सा धरून सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें हे तीन स्वरमेळ दाबून दाखवा. मग 'प्राइड अँड जॉय' पुन्हा लावा आणि गाणं सुरू होतं तिथून बोटांच्या पेरांवर घरं मोजा. एक फेरी वीस-पंचवीस सेकंदांत संपते. पाचव्या घरात कॉर्ड सरकते ती जागा त्याला कळली की मित्र स्वतःहून हसतो. शब्दांचाही सांगाडा याच फेरीत बसतो: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर. 'मॅनिश बॉय'ला हा हिशेब लागत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर तो सव्वापाच मिनिटं पाचवं घर शोधत बसेल.

टाळी. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो, सम आहे ना ती. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, जिथे स्नेअर ड्रम वाजतो. पहिल्या-तिसऱ्यावर वाजवली तर गाणं जड आणि मिरवणुकीसारखं वाटतं. आणि लय सरळ केरव्यासारखी नाही: प्रत्येक मात्रेचे तीन भाग, त्यातला मधला गिळलेला, म्हणून ती लंगडत झुलते. दादऱ्याचा झोका अंगात असलेल्याला हे पटकन जमतं.

मित्र पुण्याला किंवा बंगळुरूला गेला असेल तर व्हिडिओ कॉलमधून गाणं ऐकवू नका. बोलणं स्पष्ट यावं म्हणून कॉल बाकीचे आवाज गाळतो, आणि लांबवर ताणलेला गिटारचा स्वर त्याला गोंगाट वाटतो. मधेच कापला जातो. दोघांनी आपापल्या फोनवर गाणी उतरवून घ्या, कॉलवर तीन-दोन-एक म्हणून एकदम सुरू करा, कॉल ठेवून द्या. बोलायचं ते लिहून, गाणं संपल्यावर.

नंतरचे आठ दिवस

"कसं वाटलं?" लगेच विचारलं की माणूस अडचणीत येतो आणि खोटं बोलतो. आठवडाभर गप्प राहा. मग एवढंच विचारा: "सातातलं कुठलं परत लावलंस?" एकही नाही म्हणाला तर यादी चुकली, मित्र नव्हे, एक महिना जाऊ द्या आणि दुसऱ्या दाराने जा. एक जरी सांगितलं तरी दुसरी यादी त्या एकाच गाण्याभोवती बांधायची. 'क्रॉसरोड्स' म्हणाला तर रॉबर्ट जॉन्सन. 'लेव्ही' म्हणाला तर मेम्फिस मिनी. 'मॅनिश बॉय' म्हणाला तर १९५५ चं मूळ, हाउलिन वुल्फचं १९५६ चं 'स्मोकस्टॅक लाइटनिंग', आणि आता चार्ली पॅटन. विली जॉन्सन म्हणाला तर विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडरची स्लाइड गिटार यांचा १९९३ चा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' अख्खा. त्यात मधे तोडायचं काही नाही.

शब्दांबाबत: एका गाण्यातली एकच ओळ निवडा आणि तिचा अर्थ मराठीत, आपल्या बोलीत सांगा. सगळ्या गाण्याचं भाषांतर पाठवलं की ते वाचून होतं आणि गाणं ऐकायचं राहतं.

पहिला पूर्ण अल्बम म्हणून बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल' द्या. २१ नोव्हेंबर १९६४ ला शिकागोच्या रीगल थिएटरात ध्वनिमुद्रित झालेला, पस्तीसेक मिनिटांचा. गर्दीचा ओरडा गाण्याइतकाच महत्त्वाचा असल्यामुळे हा अल्बम गाडीतही टिकतो. १९२७-२९ ची गाणी गाडीत टायरच्या आवाजाखाली दबून जातात. रामटेक नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. कामठीची गर्दी मागे टाकून कन्हान ओलांडलं की सुरू करा, काचा बंद, आणि गडाच्या पायथ्याशी पोचण्याआधी संपेल. परतताना गाडीचा ब्लूटूथ त्याच्या फोनला जोडा.